माजी सैनिकाच्या मुलांची शिष्यवृत्ती: एजंटाविना अर्ज कसा करायचा आणि फसवणूक कशी टाळायची

आमच्या मुलाची शिष्यवृत्ती एका परक्या मोबाइल नंबरमुळे गेली. आमचे हे २०२१ साली सैन्यातून हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि त्याच वर्षी मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॅन्टीनच्या रांगेत एक जण भेटला. म्हणाला, "मेजर, पंतप्रधान शिष्यवृत्तीचा फॉर्म मी भरतो, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" आमच्या साताऱ्याकडे पेन्शनवर आलेल्या कुठल्याही जवानाला लोक मेजरच म्हणतात, त्यामुळे माणूस आपल्यातलाच वाटला. साडेतीन हजार रुपये, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आणि दोन कोऱ्या कागदांवरच्या सह्या त्याला दिल्या. नोंदणी करताना त्याने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला. पुढे कॉलेजच्या दाखल्यात त्रुटी निघाली, अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आणि तो निरोप त्याच्या फोनवर गेला. आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपून दोन महिने झाले होते.

ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनाच मागता येते, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हा मार्गच नव्हता. मुलगा गुणवत्ता यादीत आलाच असता असं मी म्हणत नाही. पण महिना २,५०० रुपये, म्हणजे चार वर्षांचे १,२०,००० रुपये मागायची संधीच त्याला मिळाली नाही. दोन वर्षांनी मुलीने बी.फार्मला प्रवेश घेतला, तेव्हा सगळं मी स्वतः केलं आणि तिचं नाव यादीत आलं. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या बऱ्याच वीरपत्नी आणि वहिनी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी आपला हक्क कोणता ते नीट समजून घ्या

फसवणुकीची सुरुवात इथूनच होते. "माजी सैनिकांची स्कॉलरशिप" अशी एकच योजना नाही. एजंट मोघम बोलतो आणि आपण मोघम ऐकतो.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, म्हणजे पीएमएसएस, २००६ साली सुरू झाली. केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवतं आणि पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. माजी सैनिक आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांची मुलं, तसंच त्यांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी ती आहे. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये, पैसे वर्षातून एकदा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बी.एड., बीबीए, बीसीए, एमबीए असे व्यावसायिक अभ्यासक्रम चालतात. बारावीला, किंवा ज्या परीक्षेच्या जोरावर प्रवेश मिळाला त्या परीक्षेला, किमान ६० टक्के गुण लागतात. परदेशातलं शिक्षण आणि दूरशिक्षण यात बसत नाही.

अर्जांचे सहा प्राधान्यगट असतात. युद्धात किंवा कारवाईत वीरमरण आलेल्यांची कुटुंबं सर्वात आधी, त्यानंतर अपंगत्व आलेले, सेवेत मृत्यू आलेले, शौर्यपदक मिळालेले अशा क्रमाने. आपल्यापैकी बहुतेक जण शेवटच्या, सहाव्या गटात येतात आणि तो फक्त अधिकारी हुद्द्याखालच्या माजी सैनिकांसाठी आहे. या गटात गर्दी मोठी असते, म्हणून निवड गुणांवर होते. तेव्हा "शंभर टक्के मंजूर करून देतो" असं कुणी म्हणालं की तिथूनच परत फिरा. ते कुणाच्याच हातात नसतं.

दुसरी योजना शैक्षणिक अनुदानाची. रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत हे मिळतं. विधवा पत्नीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही मिळतं. आधी महिना १,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना २,००० रुपये झाले. हा बदल गावोगाव पोचलेला नाही. जुना दर सांगून वरचे पैसे मागणारेही निघतील, म्हणून आकडा लक्षात ठेवा. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेतली मुलं डबे घेऊन फिरतात ना, त्या ध्वजदिन निधीचाच हा एक भाग.

कारवाईत वीरमरण आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांसाठी शिक्षण सवलतीची वेगळी योजना आहे, १९७१ च्या युद्धानंतरची. २०१७ मध्ये तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, २०१८ मध्ये ती काढली. अजूनही "दहा हजाराच्या वर मिळत नाही" असं सांगून वीरपत्नींना गप्प बसवणारे लोक आहेत.

आणखी दोन ठिकाणी गोंधळ होतो. सीआरपीएफ, बीएसएफ यांच्या कुटुंबांसाठी याच नावाची शिष्यवृत्ती आहे, पण ती गृहमंत्रालयाची आहे. एका घरात थोरला भाऊ सैन्यात आणि धाकटा सीआरपीएफमध्ये असला की चुकीच्या जागी अर्ज झालेला मी स्वतः बघितला आहे. दुसरं म्हणजे इंजिनिअरिंगच्या जागा. महाराष्ट्रात प्रवेशाच्या वेळी संरक्षण दलातल्या कुटुंबांसाठी ५ टक्के जागा ठेवलेल्या असतात, माजी सैनिकांच्या मुलांचा प्रकार डीईएफ-१. या जागा सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेऱ्यांतूनच भरल्या जातात. "आमच्याकडे डिफेन्स कोट्याची एक सीट शिल्लक आहे, दोन लाख द्या" असा फोन आला तर ती सीट अस्तित्वातच नाही असं समजा.

२. एक फाइल करा आणि ती घराबाहेर जाऊ देऊ नका

अर्जाची जाहिरात येण्याआधी हे कागद एकत्र असू द्या:

- डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, सगळी पानं वाचता येतील असं स्कॅन केलेलं
- पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश
- माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र (जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेलं)
- विद्यार्थ्याचं दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची किंवा डिप्लोमाची गुणपत्रिका
- कॉलेजचा बोनाफाइड दाखला, योजनेच्याच नमुन्यात
- आधार कार्ड, वडिलांचं किंवा आईचं आणि विद्यार्थ्याचं
- विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि बँकेचा दाखला
- लागू असेल तर मृत्यूचा दाखला, अपंगत्वाचा किंवा पदकाचा कागद

दाखल्यांचे नमुने केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर असतात. दुसऱ्या नमुन्यातला बोनाफाइड चालत नाही. आमचा अर्ज परत आला तो याच कारणाने. कॉलेजच्या क्लार्कने नेहमीचा छापील दाखला दिला आणि त्यावर प्राचार्यांचा शिक्काही नव्हता.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, कॉलेजलासुद्धा नाही. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद बघून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. मुलाने कॉलेज सोडू नये म्हणून गुणपत्रिका अडकवून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. तसं झालं तर नियमाचा उल्लेख करून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी भांडून काही होत नाही.

झेरॉक्स देतानाही प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: "फक्त पीएमएसएस अर्जासाठी", तारीख आणि सही. आधारची प्रत देताना मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पूर्ण आधार फक्त सरकारी अर्जात जिथे मागितलं असेल तिथेच. झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर स्कॅन केलं असेल तर फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथली प्रत समोर उभं राहून पुसायला लावा. दुकानदार ओळखीचा असला तरी. आमच्या कागदांच्या किती प्रती कुणाच्या संगणकात पडल्या आहेत हे मला आज सांगता येत नाही, आणि त्याची काळजी अजून जात नाही.

३. नावाचा घोळ आधीच मिटवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग जूनमध्ये धावपळ करतात. डिस्चार्ज बुकमध्ये मुलांची नावं आणि जन्मतारखा जवानाने त्या काळी युनिटमध्ये सांगितल्याप्रमाणे लिहिलेल्या असतात. तिथे मुलीचं नाव लाडाचं, दहावीच्या प्रमाणपत्रावर शाळेचं. जन्मतारखेत एखाद्या महिन्याचा फरक. कुठे मुलाचं नाव नोंदवायचंच राहिलेलं. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं, असंही होतं.

दुरुस्ती सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते, जिथे जवानाच्या सेवेच्या नोंदी असतात. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत काय जोडायचं, प्रतिज्ञापत्र कसं करायचं, हे तिथले कल्याण संघटक सांगतात. याला महिने लागतात. म्हणून मूल दहावी झालं की लगेच हे काम हाती घ्या, बारावीपर्यंत थांबू नका.

इथे एजंट गळ टाकतो: "रेकॉर्ड ऑफिसच्या भानगडीत पडू नका, मी डिस्चार्ज बुकाच्या प्रतीवरच नाव नीट करून देतो." संगणकावर प्रतीत फेरफार करणं म्हणजे खोटा दस्तऐवज. छाननीत मूळ पुस्तक मागितलं की ते उघड होतं. एजंट तोवर निघून गेलेला असतो आणि अर्जावर सही आपली असते. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं निष्कलंक नोकरी केली त्याच्यावर या वयात बनावट कागदाचा गुन्हा येऊ शकतो. असं करायला निघालेल्या एका घरात मी त्या आजोबांसमोर हात जोडले होते, इतकं मला हे गंभीर वाटतं.

४. मोबाइल, ईमेल आणि खातं, तिन्ही आपलंच

अर्जात ज्याचा नंबर जातो, तो माणूस अर्जाचा मालक होतो. त्रुटी, मंजुरी, ओटीपी, सगळं त्याच्याकडे जातं.

मोबाइल नंबर घरातलाच आणि पाच वर्षं बदलणार नाही असा द्या. तो आधारला आणि बँकेला जोडलेला आहे ना, ते आधी बघा. ईमेल नसेल तर मुलाकडून नवीन काढून घ्या. पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही त्याच फाइलमध्ये ठेवा. आपल्या नावावर दुसऱ्या कुणी सिमकार्ड घेतली आहेत का, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर फुकट बघता येतं. एकदा नक्की बघा.

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं लागतं. काही कॉलेजं प्रवेशाच्या दिवशीच मुलांची खाती "आमच्याच ओळखीच्या बँकेत" उघडून देतात आणि एटीएम कार्ड, चेकबुक ऑफिसात ठेवून घेतात. "शिष्यवृत्ती आली की फी वळती करतो, तुम्हाला त्रास नको" असं सांगतात. हे करू देऊ नका. सैनिकांच्या योजनेतलं नाही, पण याच रीतीचं मोठं प्रकरण हिमाचल प्रदेशात घडलं. मागासवर्गीय मुलांच्या शिष्यवृत्तीचे जवळपास अडीचशे कोटी रुपये खाजगी संस्थांनी लाटल्याच्या आरोपांवरून सीबीआयने २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला. विद्यार्थ्यांच्या नावाने त्यांच्या नकळत खाती उघडली गेल्याचं तपासात पुढे आलं होतं. मुलांच्या नावावर पैसा निघत होता आणि मुलांना पत्ता नव्हता.

कोरा चेक, कोऱ्या कागदावर सही, "फक्त इथे अंगठा लावा", या तिन्ही गोष्टींना नाही म्हणायला शिका. आधारसाठी बोटांचे ठसे वापरणं यूआयडीएआयच्या ॲपमधून बंद करून ठेवता येतं, गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. आमच्या सासूबाईंचं आधार आम्ही असंच ठेवलं आहे. वयस्कर वीरमातांच्या बाबतीत तर हे कराच.

५. फी भरण्याआधी कॉलेज तपासा

शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. कॉलेज मोठं दिसतं, बस आहे, फलकावर "मान्यताप्राप्त" लिहिलं आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कॉलेजला मान्यता असते आणि त्यातल्या एका अभ्यासक्रमाला नसते, असंही होतं. तांत्रिक शाखेचं एआयसीटीईच्या यादीत, बी.फार्मचं फार्मसी कौन्सिलच्या यादीत, नर्सिंगचं नर्सिंग कौन्सिलकडे, असं त्या त्या ठिकाणी चालू वर्षाचं नाव शोधा. गेल्या वर्षाची मान्यता चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो आणि तिच्यात आपल्या महाराष्ट्रातलंही नाव वर्षानुवर्षं आहे. बोगस विद्यापीठं फक्त उत्तरेत असतात या समजुतीत राहू नका.

फीची पावती पूर्ण रकमेची घ्या. पावतीबाहेर "डोनेशन" मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि "पीएमएसएस मिळणारच आहे, तोवर आमच्या फायनान्स कंपनीचं कर्ज घ्या" असं कुणी म्हणालं तर कर्जाच्या कागदावर सही करू नका. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर हप्ते पेन्शनमधून जातात. माझ्या माहितीतल्या एका नाईकांच्या घरी आजही ते हप्ते चालू आहेत, आणि मुलाने ते कॉलेज केव्हाच सोडलं.

६. अर्ज भरणं

हे लिहायला लागले तर मोठं वाटतं, पण कागद तयार असतील तर एका दुपारचं काम आहे.

केंद्रीय सैनिक बोर्डाचं संकेतस्थळ केएसबी डॉट जीओव्ही डॉट इन. पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, किंवा गुगलवर सर्वात वर "जाहिरात" म्हणून दिसणाऱ्या ओळीवरून जाऊ नका. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर पान बंद करा. दिसायला हुबेहूब पानं बनवणं अवघड नाही. अर्जाला फी नाही. कुठल्याही पानाने "प्रोसेसिंग चार्ज" मागितला तर ते पान खोटं आहे.

अर्जात एक घोषणापत्र असतं, इतर कुठून शैक्षणिक मदत मिळते का याबद्दलचं. एजंट न विचारता तिथे खूण करून टाकतात. ते स्वतः वाचा आणि जे खरं आहे तेच लिहा. खोटी माहिती निघाली तर दिलेली रक्कम वसूल होऊ शकते.

अर्ज गेला की डाक आयडी मिळतो. हा नंबर फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. त्यावरून अर्ज कुठे पोचला ते कळतं. छाननी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, मग राज्यात (महाराष्ट्राचं सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे), मग दिल्लीत. दर आठवड्याला एकदा बघा. मी मुलीच्या वेळी दर सोमवारी बघायचे. एकदा "त्रुटी" असं दिसलं, बँकेच्या दाखल्यावर आयएफएससी चुकला होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून पाठवला. मुलाच्या वेळी हेच झालं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

संगणक येत नाही म्हणून एजंटाकडे जाण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतः माजी सैनिक असतात, मार्गदर्शन करणं त्यांचं कामच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या गावी ते ठराविक दिवशी दौऱ्यावर येतात, तो दिवस फोन करून विचारा. सेवा केंद्रातून अर्ज भरायचाच असेल तर समोर बसून भरून घ्या, नंबर आपला टाका, छापील प्रत घ्या आणि टायपिंगची मजुरी तेवढी द्या.

मिळाली म्हणजे संपलं, असंही नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या वर्षी किमान ५० टक्के गुणांनी पास व्हावं लागतं. मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीत ही टक्केवारी मी कागदावर लिहून चिकटवली आहे.

७. जवानाच्या स्वतःच्या पदवीचा बाजार

आतापर्यंत मुलांचं बोलले. पण पस्तीस-अडतीसच्या वयात पेन्शनवर आलेला जवानच सर्वात सोपं गिऱ्हाईक ठरतो. हातात ग्रॅच्युइटीचे पैसे, दुसऱ्या नोकरीची घाई आणि शिक्षण दहावी-बारावी.

दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला सैन्याकडून पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या गट क मधल्या काही पदांसाठी ते पदवीच्या जागी धरलं जातं. पण ते नोकरीपुरतं आहे. त्यावर एमए किंवा एमबीएला प्रवेश मिळत नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांना एजंट गाठतो: "हे चालत नाही, मी एका वर्षात खरी पदवी देतो, मागच्या तारखेची." पदवीला तीन वर्षं लागतात. मागच्या तारखेची पदवी म्हणजे विकत घेतलेला खोटा कागद. बँकेत किंवा रेल्वेत लागल्यावर पडताळणीत तो पकडला जातो, नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

खरी पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. दूरशिक्षणाचा कुठलाही अभ्यासक्रम घेण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत त्या वर्षाचं नाव बघा. सेवेत असतानाच डीजीआरचे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, कोर्स मिळतात. युनिटमधून त्यांची माहिती घ्या, बाहेरून "डीजीआर मान्य" म्हणणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.

अग्निवीरांच्या आयांना वेगळं सांगते. चार वर्षांनी घरी येणाऱ्या मुलाच्या हातात सेवानिधीचे ११.७१ लाखांच्या आसपास रुपये असतील, आणि त्याला माजी सैनिकाचा दर्जा नसेल. म्हणजे वर लिहिलेल्या योजना त्याच्या कामाच्या नाहीत. "अग्निवीर स्कॉलरशिप"च्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. इग्नूची अग्निवीरांसाठी कौशल्यावर आधारित पदवी आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. ती मुलाने सेवेत असतानाच सुरू केली तर बाहेर आल्यावर कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

८. फोनवर येणारे

"सैनिक बोर्डातून बोलतोय, शिष्यवृत्ती मंजूर आहे, ओटीपी सांगा." "पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला चढलेला नाही, पेन्शन बंद होईल, ही लिंक उघडा." बोलणारा हिंदीत, फौजी भाषेत बोलतो, आर्मी नंबरही सांगतो. तो नंबर त्याला कुठल्यातरी झेरॉक्सवरूनच मिळालेला असतो. कार्यालयाला ओटीपी लागत नाही. फोन ठेवा आणि कार्यालयाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही. फोनवर "स्क्रीन दाखवणारं" ॲप कुणी टाकायला सांगितलं तर टाकू नका, त्यातून आपला ओटीपी त्याला दिसतो.

आमचे हे अशा आवाजापुढे लगेच "जी साब" म्हणतात. सवय आहे ती, त्यात त्यांची चूक नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की पैशाचा फोन आला की तो मुलीकडे द्यायचा. तुमच्याही घरात असं एक माणूस ठरवा.

९. फसवणूक झालीच तर

पैसे खात्यातून गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त. बँकेला कळवा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. लाजेने दोन दिवस गप्प बसलेली घरं मी बघितली आहेत, तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून जातात.

एजंटाने अर्जात स्वतःचा नंबर टाकला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: डाक आयडी, चुकीचा नंबर, बरोबर नंबर, ओळखपत्राची प्रत. मुदत बाकी असेल तर मार्ग निघू शकतो. त्याने पैसे घेतल्याचा काही पुरावा, यूपीआयची नोंद किंवा मेसेज, असेल तर पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. आम्ही रोख दिले होते, पावती नव्हती, म्हणून आमची तक्रार पुढे सरकली नाही.

सरकारी कार्यालयातल्या कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. आणि अर्ज कारण न देता पडून राहिला, तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर लिहा किंवा १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा: अर्ज कोणत्या तारखेला कुणाकडे गेला, त्यावर काय शेरा आहे. आमच्या मुलाच्या अर्जाचं काय झालं, तो निरोप कुठल्या नंबरवर गेला, हे आम्हाला याच वाटेने कळलं. उत्तराचा तो कागद मी मुलीच्या फाइलमध्ये सर्वात वर लावला आहे.